जुळं राहिलंय? आधी विचारा, वार एक की दोन

आयव्हीएफनंतर जुळं राहिलं की घर आनंदतं आणि धास्तावतंही. ‘औषधाची बाळं नाजूक’ असं कुणीतरी म्हणतं आणि लेकीला खाटेवरून उठू देत नाहीत. गर्भ कसा राहिला यापेक्षा दोन्ही बाळांची वार एक आहे की दोन, यावर धोका जास्त ठरतो.

उपचाराविना साधारण ८० ते ९० बाळंतपणांत एक जुळं असतं. त्यातली सुमारे एक तृतीयांश एकाच गर्भाचे दोन होऊन झालेली. त्यांपैकी बहुतेकांची वार एकच. अशा शंभरातल्या दहा-पंधरा गरोदरपणांत एका बाळाकडचं रक्त दुसऱ्याकडे जाऊ लागतं आणि दोघंही संकटात येतात. आयव्हीएफमध्ये जुळं बहुधा दोन वेगळे भ्रूण सोडल्याने होतं, म्हणून वारही दोन. वारेपुरतं पाहिलं तर हे जुळं उलट बरं. तरी सोडलेला एक भ्रूण क्वचित दुभंगतो, त्यामुळे गृहीत धरू नका. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार नीट कळते, पुढे अवघड जातं. रिपोर्टवर लिहून घ्या. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी हवीच.

उपचार घेणारीचं वय बरेचदा जास्त असतं. स्त्रीबीज दुसरीचं असेल तर रक्तदाब वाढण्याची भीती आणखी. दर भेटीत तो मोजून घ्या.

जुळं कसंही राहिलेलं असो, निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांआधी जन्मतात. पडून राहिल्याने ते टळत नाही, पायांत रक्ताच्या गुठळ्या मात्र होऊ शकतात. म्हणून माहेर मुखेडला किंवा अहमदपूरला असलं, तरी बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच ठरवा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख, ही दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सातव्या महिन्यापासून शहराजवळ राहता आलं तर उत्तम. वेळेआधी कळा आल्या, पाणी गेलं, की १०८ ला फोन करा. घरी वाट पाहू नका.

ज्यांचे भ्रूण अजून सोडायचे आहेत, त्यांनी ‘एकाच खर्चात दोन होऊ द्या’ असा आग्रह धरू नये. शेत विकून आलेल्या जोडप्याची घाई मला कळते. पण कमी दिवसांची दोन बाळं काचेच्या पेटीत ठेवण्याचा खर्च आणि जीवाची घालमेल त्याहून मोठी. चांगला एकच भ्रूण सोडून उरलेले गोठवता येतात. त्याचे वर्षाचे पैसे किती, हे उपचार सुरू होण्याआधीच विचारा.