आतील आटे आणि टॅपची निवड

बंगळूर येथे १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने तेथे लेथ यंत्रे तयार होऊ लागली. १९६१ साली याच संस्थेने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळांचा कारखाना काढला. हा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. लेथचे अवजड बिडाचे ओतकाम आणि मनगटी घड्याळाची नाजूक पितळी पट्टी यांत एक गोष्ट समान असते. दोन्हींमध्ये स्क्रू बसावा म्हणून भोकाच्या आत आटे पाडावे लागतात. हे काम करणारे हत्यार म्हणजे टॅप.

आटे पाडण्याचे काम बहुधा शेवटी येते. तोवर त्या भागावर बरेच श्रम खर्च झालेले असतात. अशा वेळी टॅप आत मोडला, तर तो काढणे दुष्कर असते. कारण टॅपचे पोलाद साध्या ड्रिलला दाद देत नाही. म्हणून टॅपची निवड ही खरे पाहता भोकाची आणि त्यातून निघणाऱ्या किसाची परीक्षा होय.

पहिला प्रश्न भोकाच्या व्यासाचा. १० मिलिमीटर व्यासाच्या व १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यासाठी ८.५ मिलिमीटरचे ड्रिल वापरतात. व्यासातून आट्यांमधील अंतर वजा करावे, हा सोपा नियम. भोक याहून लहान ठेवल्यास जोडाचे बळ थोडेच वाढते, पण टॅपवरचा पीळ फार वाढतो. टॅप मोडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

दुसरा प्रश्न भोक आरपार आहे की बंद, हा. हातटॅपच्या संचात तीन टॅप असतात. पहिल्याचे टोक बरेच निमुळते असते, दुसऱ्याचे कमी आणि तिसऱ्याचे अगदी थोडे. आरपार भोकात पहिला टॅप पुरतो. बंद भोकात तिन्ही क्रमाने चालवून तळापर्यंत आटे न्यावे लागतात. कीस साठण्यास जागा राहावी म्हणून बंद भोक आट्यांपेक्षा अधिक खोल पाडतात. यंत्रावर काम करताना आरपार भोकासाठी कीस पुढे ढकलणारा तिरप्या टोकाचा टॅप घेतात, तर बंद भोकासाठी कीस वर आणणारा पिळदार खाचांचा.

तिसरा प्रश्न धातूचा. पोलादास कापण्याचे तेल, ॲल्युमिनियमला रॉकेल लावतात. बीड व पितळ बहुधा कोरडेच कापतात, कारण त्यांचा कीस बारीक चुऱ्यासारखा सुटतो.

प्रत्यक्ष कामात भोकाची कड प्रथम थोडी तिरपी करावी. टॅप सुरू झाल्यावर गुण्या लावून तो दोन्ही बाजूंनी काटकोनात आहे का, हे पाहावे. वाकडा शिरलेला टॅप पुढे सरळ होत नाही. हँडल दोन्ही हातांनी सारख्या जोराने फिरवावे. पोलादात अर्धा फेरा पुढे गेल्यावर थोडे मागे फिरवावे, म्हणजे कीस तुटतो. हाताला विरोध जाणवू लागला, की जोर वाढवू नये. टॅप बाहेर काढून खाचा स्वच्छ कराव्यात आणि मगच पुढे जावे. घाईने वाचवलेल्या एका मिनिटापायी तयार झालेला संपूर्ण भाग हातचा जाऊ शकतो, हे कुशल कारागीर कधी विसरत नाही.