ओझोनचं छिद्र अंटार्क्टिकावरच का?

१६ सप्टेंबरला ओझोन दिन. वर्गात एखादं पोर हमखास विचारतं, "सर, फ्रिज-एसी तर इकडे, मग छिद्र तिकडे कसं?" मी बरीच वर्षं 'वारे नेतात' एवढंच सांगून मोकळा व्हायचो. ते अपुरं आहे. वारे सीएफसी वायू सगळीकडेच नेतात. खरं उत्तर बर्फात आहे. जमिनीवरच्या नाही, आभाळातल्या!

स्थितांबरात अतिनील किरणांनी सीएफसी फुटतात, क्लोरीन सुटतो. पण तो बहुतेक हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन संयुगांत अडकून पडतो. हवेत ही दोघं भेटली तरी जवळजवळ काहीच घडत नाही.

आता अंटार्क्टिकाचा हिवाळा बघा. सूर्य नाही, वरची हवा उणे ७८ अंशांच्याही खाली. तिथे ढग बनतात. त्यातल्या बर्फकणांवर हायड्रोजन क्लोराइड चिकटतं, त्यावर क्लोरीन नायट्रेट येऊन आदळतं आणि क्लोरीन वायू बाहेर पडतो. नायट्रिक आम्ल बर्फातच राहतं, म्हणून क्लोरीनला पुन्हा बांधायला कुणी उरत नाही. सप्टेंबरात ऊन आलं की क्लोरीनचे अणू सुटे होतात आणि ओझोन तोडत सुटतात.

हॅली केंद्रावरच्या नोंदींतून ही घट १९८५ मध्ये जगापुढे आली. बर्फकणांचं कारण सुसान सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. त्याच वर्षी त्या मोजमापं घ्यायला स्वतः अंटार्क्टिकावर गेल्या.

उत्तर ध्रुवाचं विचाराल, तर तिथली वरची हवा सहसा इतकी गार होत नाही.