जनपदाचे आरोग्य आणि आपले चिकित्सालय

रुग्ण चिकित्सालयाची पायरी चढतो तेथून आपल्या कार्याचा प्रारंभ होतो, अशी आपली सर्वसाधारण धारणा असते. परंतु जो रुग्ण पायरीपर्यंत येऊच शकत नाही, त्याचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील 'जनपदोद्ध्वंसनीय' हा तिसरा अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असूनही अनेक माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रस्त होतात, या अग्निवेशाच्या शंकेचे निरसन करताना आत्रेयांनी वायू, उदक, देश व काल यांची विकृती सांगितली आणि तिचे मूळ अधर्मात दाखविले. त्यात राज्यकर्त्यांचा अधर्मही आला. अर्थात, समाजाच्या व्याधीचे मूळ केवळ व्यक्तीच्या शरीरात शोधून चालत नाही, हे आपल्या शास्त्रास ज्ञात होते.

जामखेडचा अनुभव

करमाळ्याहून फार दूर नसलेल्या जामखेड येथे (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. 1971 च्या सुमारास त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 176 अर्भके दगावत असत. केवळ रुग्णालय उभारून हे मृत्यू थांबणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहण्यास तयार नसत. म्हणून गावातीलच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांपैकी अनेक जणी निरक्षर व दलित समाजातील होत्या. सुरक्षित प्रसूती, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी, बालकांचे पोषण हे त्या शिकल्या व घरोघर शिकवू लागल्या. पिण्याच्या पाण्याची सोय दलित वस्तीत केल्याने साऱ्या गावास तेथे यावे लागले. रोगाबरोबर अस्पृश्यतेवरही उपचार झाला. पुढे अर्भकमृत्यूचे प्रमाण तिशीच्या खाली आले. 1979 मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा प्रयोगांचीच वाट पुढे 2005 पासूनच्या 'आशा' योजनेपर्यंत पोहोचली.

सोलापुरातील स्थिती

आपल्या शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या असंख्य भगिनी आहेत. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. दवाखान्यात गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली मजुरी. त्यात तंबाखूची धूळ, कोंदट खोली, बसून जखडलेली कंबर. घरातली भाषा पुष्कळदा तेलुगू, तर आपली पथ्यापथ्याची पत्रिका मराठीत! खोकला महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो, तो निष्काळजीपणामुळे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आपले कर्तव्य

आपणांस करता येण्याजोग्या गोष्टी पुढीलप्रमाणे:

1. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास केवळ कासहर योग देऊन न थांबता थुंकीची तपासणी करवून घ्यावी. क्षयरोग्याची नोंद कळविणे खाजगी चिकित्सकांस 2012 पासून, तर औषधविक्रेत्यांस 2018 पासून बंधनकारक आहे. नोंद झाल्यासच रुग्णास मोफत औषधे व पोषणासाठी शासकीय अर्थसाहाय्य मिळते. आपले रसायनादी उपचार या औषधांच्या जोडीने असावेत. त्यांच्या जागी नसावेत.

2. अर्धवट औषधे नेणाऱ्या ग्राहकास औषधालयचालकांनी कारण विचारावे. पैशाची अडचण असल्यास महापालिकेच्या आरोग्य केंद्राचा पत्ता द्यावा.

3. आठवड्यातील निदान एक दिवस चिकित्सालयाची वेळ सायंकाळी उशिरापर्यंत ठेवावी आणि पथ्याच्या सूचना तेलुगू व कन्नडमध्येही छापाव्यात.

4. आपल्या वस्तीतील आशाताईंशी परिचय ठेवावा. कोणत्या घरात गर्भिणी आहे, कोणते बालक कृश आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळते.

यात उत्पन्नाची थोडी झीज आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जनपद रोगी असताना वैद्य एकटा निरोगी राहू शकत नाही. पुढील त्रैमासिक सभेस येताना प्रत्येकाने आपल्या परिसरात उपचारापासून वंचित राहिलेल्या एका तरी कुटुंबाची हकिकत सोबत आणावी, अशी नम्र विनंती आहे. विचारास तेथूनच आरंभ करू.