पाल चुकचुकते आहे

सातारा, १४ जुलै

चि. निखिल,

परवा रात्री ताईचा फोन आला. धाकटीच्या साखरपुड्याचं बोलता बोलता मध्येच म्हणाली, "निखिलच्या कॉम्प्युटरमधून पाल चुकचुकल्यासारखा आवाज येतो रे, आणि हा हेडफोन लावून बसलेला." पुढचं साखरपुड्याचं मी काही ऐकलंच नाही.

तुला मेसेज केला तर उत्तर काय? "मामा, मिरर आहे. एक गेली तरी दुसरी आहे." वर तो अंगठा! अरे, एक जाऊन तीन आठवडे झाले. म्हणजे तुझ्याकडे आता मिरर कुठला, एकच डिस्क उरलीय. तीही त्याच दिवशी, त्याच खोक्यातून काढून दिलेली. लॅमिंग्टन रोडला मीच होतो ना सोबत. जुळ्यांतल्या एकाला ताप आला की आई दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून बघते. तू हेडफोन लावतोस.

आजीच्या ओव्या त्यावरच आहेत ना? दुसरीकडे कुठे आहेत का? आधी एवढं कळव.

तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो नीट पाहिला. चालू डिस्कांचे दोन 'यू' असायला हवेत तिथे एक यू आणि पुढे नुसती रेघ. डिस्कच्या तब्येतीचा जो स्मार्ट रिपोर्ट असतो, त्यात १९९ची ओळ वाढलेली असती तर म्हटलं असतं, केबल सैल असेल, बदलून बघ. ती शून्यावर आहे. पण जी डिस्क तू धडधाकट म्हणतोस तिच्या १९७च्या ओळीत ८ आकडा आहे, तो पाहिलास का? आठ सेक्टर तिला वाचता आलेले नाहीत. आता नवी डिस्क लावून तू रिबिल्ड सुरू केलंस, की ही बिचारी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचायला बसणार, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेलं सुद्धा. चार टीबी म्हणजे सात-आठ तास तरी सलग. बहुतेक वेळा दुसरी डिस्क मान टाकते ती इथेच.

म्हणून रिबिल्ड नंतर. आधी ओव्यांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरव, मग अण्णांच्या जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रं, मग फोटो. सिनेमे राहू देत. त्यानंतर अख्ख्या डिस्कची नक्कल डीडीरेस्क्यूने काढ. ते आधी सहज वाचता येईल तेवढं उचलतं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं, शिवाय कुठवर आलो याची नोंद ठेवतं, म्हणजे मध्ये लाईट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नको. फाइल सिस्टिम दुरुस्त करायची कमांड आत्ता अजिबात देऊ नकोस. आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिलाच, तर त्याला सांग, आमच्याकडे फ्रीजमध्ये कोथिंबीर ठेवतात. पावसाळ्यात गार डिस्क बाहेर काढलीस की तिला घाम फुटेल.

मिररवर विसंबलास हेच मला लागलंय. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्यावरचा, निबंध लिहिला. मिररची युक्ती त्याच्याही आधीची. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढंच तिचं काम. तू चुकून एक फाइल उडवलीस तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी उडते. आरशासमोर दिवा विझवला तर आरशातला तेवत राहतो का?

मी कोण तुला बोलणार म्हणा. २००३ साली पुण्याच्या नोकरीत असताना शनिवारी संध्याकाळी सर्व्हरची एक डिस्क गेली. मला सातची एसटी गाठायची होती. मी खण वरून मोजले, कंट्रोलर खालून, शून्यापासून मोजत होता. चांगली डिस्क उपसली. घाबरून परत खोचली. स्क्रीनवर प्रश्न आला, तो न वाचताच 'हो' दाबलं, आणि आजारी डिस्कचा सगळा गाळ चांगलीवर उतरला. ऑफिसचं काम शुक्रवारच्या टेपवरून परत आलं. माझा खाजगी फोल्डर टेपवर जात नसे. त्यात आप्पांचा आवाज होता, गणपतीत आरती झाल्यावर बोलले होते तो, अकरा मिनिटांचा. कॉम्प्युटरवर घेतलाय म्हणून मूळ कॅसेटवर मी मॅचची कॉमेंट्री भरून ठेवली होती.

ताईला मी सांगितलं, कॅसेटला बुरशी आली. ती अजून पुण्याच्या हवेला नावं ठेवते. तू सांगू नकोस, मी सांगेन कधीतरी.

म्हणून म्हणतो, कोणतीही डिस्क काढण्याआधी लेबलवरचा सिरीयल नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी जुळव. स्क्रीनवरचा आधी लिहून घे, मग मशीन बंद करून जुळव. घाई असेल त्या दिवशी कॅबिनेट उघडूच नकोस.

जास्त बोललो का? त्या ओव्या टिपायचं तुला सुचलं, आम्हा दोघा भावंडांना नाही सुचलं. आजी हल्ली ओवी म्हणता म्हणता अर्ध्यावर थांबते, पुढचं आठवत नाही. तू मला व्हॉट्सअॅपवर तुकडा पाठवला होतास ना, तो लावला की स्वतःच्याच आवाजाबरोबर पुढची ओळ पुरी करते. त्यात मध्ये कुकरची शिट्टी होते आणि तू हसतोस. ती दर वेळी विचारते, "हा कोण हसला गं बाई?" मी दर वेळी तुझं नाव सांगतो.

रविवारी शेजारचे काका ठाण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर नवी डिस्क पाठवतोय. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून डब्यात ठेवलीय. लाडू वेगळ्या डब्यात आहेत, तो आधी उघडशील म्हणून सांगतो.

कॉपी सुरू केलीस की मला फोन लाव, रात्री कितीही वाजले असोत. बोलायला हवंच असं नाही. फोन नुसता कॅबिनेटजवळ ठेव, म्हणजे चुकचुकते का ते मलाही ऐकू येईल.

तुझा,
मामा