पेशींचे नियोजित मरण आणि राजयक्ष्मा

तलासरीच्या डोंगरउतारांवरील साग पाने टाकतो, तेव्हा पान केवळ वाऱ्याने तुटत नाही. देठाशी झाड स्वतःच एक थर निर्माण करते व पानास सोडून देते. केर, वायली व करी या संशोधकांनी १९७२ मध्ये पेशींच्या नियोजित मरणास दिलेले 'अपॉप्टोसिस' हे नाव ग्रीक भाषेतील अशा गळण्यावरूनच आले आहे.

या मरणात पेशी आकसते, कॅस्पेज नावाची विकरे तिचे आतून विभाजन करतात आणि भक्षक पेशी ते तुकडे गिळतात. दाह सहसा होत नाही. नेक्रोसिसमध्ये मात्र पेशी फुटते, आतील द्रव्य सांडते व दाह उद्भवतो. नियोजित मरण टळले तर अर्बुदास वाव मिळतो, अति झाले तर धातूंचा क्षय होतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायातला स्वभावोपरमवाद येथे अनेकांस आठवेल, आम्हांसही आठवला. परंतु हे साम्य ताणू नये. तेथे भावांच्या उत्पत्तीस कारण आहे, निरोधास नाही, असे प्रतिपादन आहे. येथे मरणासही जनुकांची आज्ञा लागते. एका सूत्रकृमीच्या १०९० कायपेशींपैकी नेमक्या १३१ मरतात. या विषयातील कार्यासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या भागातील चिकित्सकास हे ज्ञान क्षयरोगात उपयोगी पडते. फुप्फुसात शिरलेला क्षयजंतू भक्षक पेशी गिळते. अशी पेशी अपॉप्टोसिसने मेली, तर जंतू तुकड्यांतच कोंडला जातो आणि दुसरी भक्षक पेशी त्यास गिळते. उग्र जंतू नेमके हेच मरण रोखतात व पेशीस नेक्रोसिसकडे ढकलतात. पेशी फुटते, जंतू पसरतात. गाठीचा मध्यभाग पनीरासारखा होतो, तो वितळला की फुप्फुसात विवर पडते आणि खोकल्यावाटे जंतू घरभर जातात.

म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर व घटते वजन असलेल्या रुग्णास केवळ सितोपलादि चूर्ण देऊन परत पाठविणे धोक्याचे आहे. आम्हांपैकी काहींनी पूर्वी तसे केले, हे मान्य केले पाहिजे. वापी-उंबरगावकडे कामास जाणारा मजूर पुन्हा कधी येईल, याचा नेम नसतो. थुंकीची तपासणी त्याच भेटीत सुचवावी.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक सूचना. अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशींत अपॉप्टोसिस घडतो, असे शोधनिबंध दाखविले जातात. काचपात्रातील पेशींवरील तो परिणाम रुग्णातील गुण ठरत नाही. शिवाय कर्करोग वा क्षय बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे; २०१८ च्या अधिसूचनेनुसार क्षयाची औषधे देणाऱ्या दुकानदारांवरही ही जबाबदारी आहे.