१९९ फुटांचा हिशेब

दुकानदाराला मी स्पष्ट सांगितलं होतं: पक्षी बघायचेत, झाडीत बघायचेत आणि मला चष्मा आहे. गिऱ्हाइकाने याहून जास्त काय सांगायचं असतं? त्याने काउंटरवर दोन दुर्बिणी ठेवल्या. एक साधी ८×४२ आणि दुसरी १०-३०×५०, झूमवाली, चांगली जाडजूड. "काकू, ही आठ पट दाखवते, ही तीस पट. पैसे जवळपास सारखेच. आता तुम्हीच ठरवा."

मी विचारलं, जास्त मोठं दाखवते म्हणजे दिसणारा भाग कमी होत असेल ना? हो, मी विचारलं होतं, आणि हे मुद्दाम नमूद करते. त्यावर त्याने दोन्ही खोकी फिरवली आणि आकड्यांवर बोट ठेवलं. "हिचं फील्ड १४०, हिचं १९९. उलट जास्तच दिसतं." मुलीला पाठवायला मी दोन्ही खोक्यांचे फोटो काढले आणि बिल केलं.

कर्नाळ्याच्या हरियाल निसर्गवाटेवर आमच्या गटाला निखारांचा थवा लागला. निखार एका जागी बसत नाहीत, या फांदीवरून त्या फांदीवर सतत सरकत असतात. "तो बघा, वाळक्या फांदीच्या टोकाला," असं कोणी म्हणेपर्यंत माझ्यापुढे नुसती पानं. फांदी सापडायची तेव्हा थवा पुढच्या झाडावर गेलेला असायचा. झूम पार खाली, दहावर आणलं, तरी तेच. शेजारी कॉलेजातली एक मुलगी १०×४२ घेऊन उभी होती. तिची मागून डोळ्याला लावली. पक्षी तेवढाच मोठा, पण अख्खी फांदी, आजूबाजूचे डहाळे आणि त्यात आणखी दोन निखार! पट तीच, हात तेच, डोळे तेच. म्हणजे दोष माझ्या हातात नव्हता.

घरी आल्यावर ते फोटो मोठे करून पाहिले. १४० च्या पुढे बारीक अक्षरांत 'मीटर, १००० मीटरवर'. १९९ च्या पुढे 'फूट, १००० यार्डांवर'. एक यार्ड म्हणजे तीन फूट, म्हणून फुटांच्या आकड्याला तीनने भागलं की मीटरचा आकडा मिळतो. १९९ चे झाले ६६. म्हणजे तीस मीटरवरच्या झाडाचा ८×४२ मधून सव्वाचार मीटर रुंद भाग दिसतो, माझ्या दुर्बिणीतून जेमतेम दोन मीटर. क्षेत्रफळात हा फरक साडेचार पट पडतो. शिवाय ते ६६ सुद्धा फक्त दहा पटींवरचे. तीसवर नेलं की रुंदी त्याच्याही साधारण निम्म्यावर येते.

मी फोटो घेऊन दुकानात गेले. "सवय लागते काकू, सुरुवातीला कोणालाच जमत नाही." मी फूट-मीटर दाखवलं. "कंपनी छापते तेच आम्ही सांगतो." मग म्हणाला, ट्रायपॉड घ्या. निखारांच्या मागे ट्रायपॉड घेऊन पळायचं! शेवटी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे मान वळवली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला तीच तीस पट ऐकवायला लागला.

आता ज्यांना दुर्बीण घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

फील्डचा आकडा वाचताना आधी फूट की मीटर ते बघा. अंशांत दिला असेल तर १७.५ ने गुणा, १००० मीटरवरची रुंदी मीटरमध्ये मिळेल. आठ अंश म्हणजे १४०.

चांगल्या दुर्बिणीत डोळ्याला साधारण साठ-पासष्ट अंशांचं वर्तुळ दिसतं. त्याला पटीने भागलं की खरं दृष्टिक्षेत्र येतं. आठ पटींना आठ अंश, दहाला साडेसहा. झूमच्या नेत्रभिंगात खालच्या पटीला हे वर्तुळच आक्रसलेलं असतं, माझ्यात अडतीस अंश. म्हणून झूमवाली दहा आणि साधी दहा यांत जमीन-अस्मानाचा फरक. झूम घेऊच नका.

पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, ५० भागिले ३० म्हणजे १.७. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. पहाटे दाट झाडीत १.७ मध्ये चित्र काळपट दिसतं. आणि तीस पटींवर हाताचा कंपही तीस पट होतो.

चष्मा असेल तर 'आय रिलीफ', म्हणजे नेत्रभिंगापासून जेवढ्या अंतरावर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त हवं, आणि रबरी कडा दुमडून बघायचं. नाहीतर छापलेलं क्षेत्रही पूर्ण दिसत नाही. हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही, चष्मा आहे असं सांगूनसुद्धा.

दुकानात समोरच्या भिंतीकडे बघून काही कळत नाही. बाहेर या, झाडावरचा कावळा नुसत्या डोळ्यांनी हेरा आणि नजर न हलवता दुर्बीण लावा. पहिल्या झटक्यात सापडला तरच पुढचं बोला.

जास्त पटीचा उपयोग नाही असं नाही. भिगवणला काठावर ट्रायपॉड रोवून उजनीच्या पाण्यातले रोहित बघायला स्पॉटिंग स्कोप उत्तम. पाणी उघडं, पक्षी संथ. पण होडीत बसलात की तोही निरुपयोगी. बाकी नेहमीचंच: घाई करू नका, बिल जपून ठेवा, जाणत्याला बरोबर न्या.

मी ८×४२ घेतली, दुसऱ्या दुकानातून. झूमवाली विकायला काढली आहे. विचारायला येणाऱ्याला १९९ हे फूट आहेत हे मी आधीच सांगते, म्हणून ती अजून घरातच पडून आहे.