लुकलुकणारा दिवा

पुण्याहून नाशिकला जाणारा महामार्ग भोसरी आणि मोशी ओलांडून चाकणला पोहोचतो. या भागात कारखान्यांची दाट वस्ती आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि या परिसरात उद्योग झपाट्याने वाढले. चाकणमध्ये २००९ साली फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. बजाज आणि महिंद्र यांचेही कारखाने तेथे आहेत.

मुलांनो, या कारखान्यांतील यंत्रांवर आणि तेथे तयार होणाऱ्या गाड्यांवर लहान लहान दिवे लुकलुकताना दिसतात. त्यांना कोण लुकलुकवते? हे काम मायक्रोकंट्रोलर नावाची एक छोटी चिप करते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक. इंटेल कंपनीने १९८० साली '८०५१' हा प्रसिद्ध मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला. आजच्या गाड्यांतील चिपा त्याहून पुष्कळ शक्तिमान आहेत. पण शिकण्यासाठी ८०५१ फार सोयीचा आहे. त्याला चाळीस पाय असतात. त्याच्यात पडदा नसतो, कळफलक नसतो. आपल्या घरच्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये कामाची वाटणी करणारी एक मोठी कार्यप्रणाली असते. येथे तीही नाही. आपण लिहिलेली आज्ञा आणि चिप यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. म्हणून आपण जेवढे सांगू तेवढेच ती करते.

प्रथम जोडणी पाहू. ५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून एक तार १००० ओहमच्या रोधकाकडे न्यायची. रोधकापुढे एलईडी आणि एलईडीचे दुसरे टोक चिपच्या पहिल्या पायाला जोडायचे. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरले ३ व्होल्ट. ३ भागिले १००० म्हणजे ३ मिलिअँपिअर प्रवाह. एवढा प्रवाह चिपचा पाय सहज पेलतो. रोधक न लावल्यास प्रवाह फार वाढेल आणि एलईडी किंवा चिप बिघडेल. या जोडणीत पायावर ० लिहिला की दिवा लागतो आणि १ लिहिला की विझतो. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. घरातील विजेच्या खटक्याला ही तार कधीही जोडू नये.

आता आज्ञा लिहू. त्या तीनच आहेत:

१. पायाची स्थिती उलटी कर.
२. अर्धा सेकंद थांब.
३. पुन्हा पहिल्या आज्ञेकडे जा.

दुसरी आज्ञा गाळली तर काय होईल? दिवा सेकंदाला लाखो वेळा लागेल आणि विझेल. आपल्या डोळ्यांना तो फक्त थोडा मंद, पण सतत लागलेला दिसेल. तिसरी आज्ञा गाळली तर? चिप थांबणार नाही. पुढच्या जागेत जे आकडे असतील त्यांनाच ती आज्ञा समजेल आणि भलतेच करीत राहील.

पण चिपला 'अर्धा सेकंद' कसा कळावा? तिच्याजवळ घड्याळ नाही, एक स्फटिक आहे. तो सेकंदाला १ कोटी २० लाख वेळा कंप पावतो. दर १२ कंपनांना चिपचे एक पाऊल पडते. म्हणजे सेकंदाला १० लाख पावले. एक अंक उलटा मोजण्यास दोन पावले लागतात. म्हणून अर्ध्या सेकंदासाठी २ लाख ५० हजार वेळा मोजावे लागते. परंतु चिपच्या एका कप्प्यात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. मग तीन कप्पे घ्यायचे: २५० गुणिले २०० गुणिले ५. झाले २ लाख ५० हजार!

अशी पायरीपायरीने सांगितलेली रीत म्हणजे अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले थोर गणिती अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून हा शब्द जगभर रूढ झाला.

एवढी खटपट एका दिव्यासाठी का करायची? त्याचे कारण कारखान्यात कळते. आज्ञावली मध्येच अडकली तर नुसता लागलेला दिवा तसाच लागलेला राहतो. सर्व ठीक आहे असे वाटते. पण आत काम बंद पडलेले असते. लुकलुकणारा दिवा मात्र लुकलुकायचा थांबतो. नाडीवरून जसे माणूस जिवंत आहे हे कळते, तसे या दिव्यावरून आज्ञावली चालू आहे हे कळते.

पत्रा कापणाऱ्या व दाबणाऱ्या यंत्रांत हात सापडून कामगार जायबंदी झाल्याच्या घटना घडतात. दिवा एकटा कोणाचा हात वाचवीत नाही. त्यासाठी दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे आणि हात आत येताच यंत्र थांबविणारा प्रकाशाचा पडदा लागतो. अशा संरक्षक साधनांतही आज पुष्कळदा चिपा असतात. त्यांच्यासाठी आज्ञा लिहिणाऱ्याने एक पायरी गाळली, तर तिची किंमत दुसऱ्या कोणाला तरी बोटांनी मोजावी लागेल. म्हणून दिव्याच्या या तीन ओळी नीट लिहिणे ही पहिली शिस्त आहे. ही शिस्त ज्याच्या अंगी बाणेल, त्याच्या हाती मोठे यंत्र विश्वासाने सोपवता येईल.

शब्दार्थ
लुकलुकणे – क्षणात लागणे, क्षणात विझणे
रोधक – विजेचा प्रवाह कमी करणारा घटक
स्फटिक – ठरावीक गतीने कंप पावणारा खडा
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका
जायबंदी होणे – गंभीर दुखापत होऊन निकामी होणे
अंगी बाणणे – स्वभावात मुरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय?
(आ) पायावर ० लिहिला की दिव्याचे काय होते?
२. कारणे लिहा.
(अ) एलईडीबरोबर रोधक लावतात.
(आ) सतत लागलेल्या दिव्यापेक्षा लुकलुकणारा दिवा अधिक माहिती देतो.
३. दिवा एक सेकंद लागून एक सेकंद विझावा, असे वाटत असेल तर तीन कप्प्यांतील कोणती संख्या बदलाल? किती कराल?
४. चहा करण्याची कृती क्रमवार आज्ञांत लिहा. मग एक आज्ञा गाळा आणि काय होईल ते सांगा.